मेलं की द्यायचं

१

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक येत नाही. भर उन्हात आपल्याला कमी दिसतं याची कुणाला आठवण होत नाही, असं ताई म्हणायची. म्हणून दुपारी ती शटर अर्ध्यावर ओढायची आणि दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी जायची. काचा पुसायचं पिवळं फडकं खांद्यावर तसंच राहायचं. तिला ताई सगळेच म्हणत. भाऊ तर म्हणेच, भावजय म्हणे, आणि आजोबांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा म्हणत. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच, तर नजर तपासायचा धंदा असला की माणूस जरा चोखंदळ होतो, एवढं सांगून ती पुढच्या फ्रेमचा स्क्रू पिळायला घ्यायची.

भाऊ पोहायला शिकवायचा. आवाज असा की त्याला शिट्टी लागत नसे. आईने लहानपणीच त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि ते नाव तलावावरही कसं कोण जाणे पोचलं होतं. पोरं म्हणायची, सरांचा ओरडा पाण्याखाली जास्त ऐकू येतो. असा हा भोंगा एके सकाळी तलावाच्या काठावर टेकला तो उठलाच नाही. डोक्यात रक्ताची गाठ. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. घसा शाबूत होता, पण शब्द सापडत नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत तो दिवसभर बसे आणि स्वतःच्या बायकोकडे असा बघे, जसं बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या बाईकडे बघतात.

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे," डॉक्टर म्हणाले होते. "जे परत यायचं ते याच दिवसांत येतं."

ते दिवस भराभर सरत होते. भावजय शाळेच्या कार्यालयात कामाला होती, तिची रजा संपत आली होती. ती जेवण भरवताना त्याच्याशी सारखं बोलत राही आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडे. नळ कशासाठी सोडलाय हे ताईला कळायचं. ताईला या जगात भाऊ सोडून रक्ताचं कुणी उरलं नव्हतं, पण तिच्या दुकानात नळ नव्हता.

२

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी मोठी चटपटीत होती. तिने एकदा त्याचा लुळा हात चोळता चोळता सांगितलं, "जुनं काहीतरी द्या ना हातात. लहानपणचं. डोकं विसरतं, बोटं विसरत नाहीत."

ताईला काय द्यायचं ते शोधावं लागलं नाही. दुकानाच्या खालच्या खणात, चष्म्याच्या मोडक्या काड्यांच्या डब्याखाली, लहानपणचा तो बटणांचा, सेलवरचा खेळ होता. तळहाताएवढा, कडांचा रंग उडालेला. टीव्हीवरचे खेळ यायच्या आधीचा तो काळ. पडद्यावर चित्रं हलत नसत. एक पुसलं जाई आणि शेजारचं उमटे, आणि आपण समजायचं की माणूस चालला. तेवढं समजून घ्यायची तयारी तेव्हा सगळ्यांची होती. आता भिंतीएवढ्या पडद्यावर घामाचा थेंबसुद्धा दिसतो, पण त्या काळ्या ठिपक्याएवढ्या माणसावर जेवढा जीव लावला तेवढा पुढे कशावर लावला, असं ताईला कधी कधी वाटायचं.

हा खेळ बाबांनी जिंकून आणला होता, कारखान्याच्या रस्सीखेचीत. आठ दांडगे पुरुष चिखलात लोळले आणि बक्षीस म्हणून प्रत्येकाला पोरांचा खेळ मिळाला, यावर आई वर्षभर हसत होती. खेळाच्या खोक्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येईनात, म्हणून पोरांनीच नाव ठेवलं: कपडेवाला. एक उंच इमारत, मजल्यामजल्यावरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. वारा सुटतो, कपडे पडतात, खाली टोपलीवाला माणूस इकडून तिकडे पळतो. तीन कपडे जमिनीवर पडले की मेलं.

आणि मेलं की द्यायचं. हा कायदा. मेल्याशिवाय मागायचं नाही, मेल्यावर ठेवून घ्यायचं नाही. दुसऱ्याने तोवर शेजारी बसायचं, खेळणाऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायचं. भोंगा अगदी कच्चा होता. कपडा पडायच्या आधीच "पडला, पडला!" ओरडायचा आणि तो खरंच पडायचा. ताई मात्र हातात खेळ आला की मरता मरत नसे. तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून तो बिचारा झोपून जाई, आणि त्याची लाळ तिच्या फ्रॉकवर सांडे. तेव्हा किळस यायची. आता ताईचा हात आपसूक त्या खांद्यावर गेला.

एक गोष्ट अजून. त्या खेळाला आवाज नव्हता. म्हणजे आधी होता. पण बाबा रात्रपाळी करून दुपारी झोपायचे, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी उठून मागचं झाकण उघडून आवाजाची तार कापून टाकली होती. त्या दिवसापासून कपडेवाला मुका झाला.

३

घड्याळाला लागतात तसलेच बटणासारखे दोन सेल त्याला लागायचे. ते दुकानात विकायला होतेच. ताईने बारक्या पेचकसाने झाकण उघडलं, खाचा घासून स्वच्छ केल्या, सेल बसवले.

सेल घातले की त्या खेळात क्षणभर सगळं एकदम उमटायचं. टोपलीवाला इथे, तिथे, सगळीकडे; प्रत्येक कपडा प्रत्येक उंचीवर. खेळात पुढे जे जे होऊ शकतं ते सगळं एकाच वेळी, आणि मग पडदा कोरा. त्या एका क्षणासाठी दोघं उगीचच सेल काढून घालायची. कारण त्या गर्दीत, अगदी वरच्या मजल्याच्या खिडकीत, एक माणूस दिसायचं. एरवी ते कधीच यायचं नाही. कितीही खेळा, ती खिडकी रिकामीच. "खूप पुढे गेलं की येत असेल," ताई म्हणायची. "ते त्यांच्याच घरातलं असेल," भोंगा म्हणायचा, "त्याला बाहेर सोडत नसतील."

सगळं उमटलं. खिडकीतलंही उमटलं. ताई बाईमाणूस, पन्नाशीला आलेली, काउंटरमागे एकटी हसली आणि खेळ फडक्यात गुंडाळून निघाली.

भाऊ नेहमीसारखा खुर्चीत होता. ताईने खेळ त्याच्या डाव्या हातात ठेवला. मग मांडीवरचा उजवा हात उचलून खेळाच्या दुसऱ्या कडेला नुसता टेकवला; पडणार हे ठाऊकच होतं.

तो पडला नाही. अंगठा बटणावर गेला आणि दाबू लागला.

ताईने भावजयीला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दारातच थबकली. दोघींच्या देखत तो खेळत राहिला, उजवा, डावा, दोन्ही अंगठे. कपडे टोपलीत पडत होते. ताईने कौतुकाने त्याच्या हाताला हात लावला, तशी तो मान वर न करता वैतागून म्हणाला,

"थांब ना गं!"

इतक्या दिवसांनंतरचे ते पहिले शब्द. भावजय खाली फरशीवरच बसली. या खेपेला नळ सोडायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

४

पुढचा आठवडा सणासारखा गेला. व्यायामवाली मुलगी ज्याला त्याला सांगत सुटली. तलावावरची मंडळी भेटायला आली. भोंगा बोलत होता. मात्र खेळ हातात असेपर्यंतच. खेळ खाली ठेवला की उजवा हात मांडीवर पडे आणि डोळे पुन्हा बसमधल्या माणसासारखे होत. पण सुरुवात तर झाली होती ना. आडात आहे तर पोहऱ्यात येईल, असं ताई भावजयीला सांगे.

पहिल्यांदा खटकलं ते हे, की तो मरत नव्हता. कच्चा भोंगा, "पडला, पडला" करणारा भोंगा, एक कपडा सोडत नव्हता. जेवायच्या वेळी त्याच्या हातातून खेळ काढून घ्यावा लागे, तेव्हा कपडे होते तिथेच थांबत, आणि पुन्हा दिला की तो तिथूनच पुढे सुरू करी. ताईने मनाची समजूत घातली. वय वाढलं की माणूस शांत होतो, बोटं स्थिर होतात.

मग एका दुपारी ती जिना चढत असताना वरून आवाज ऐकू आला. बारीक, टिक् टिक् टिक्, आणि कपडा झेलला की जरा वरच्या पट्टीत टीक्. ताईचा पाय पायरीवरच राहिला. तो आवाज तिने आयुष्यात फक्त तीन दिवस ऐकला होता आणि तरी लगेच ओळखला. ती धावत वर गेली. खोलीत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. भाऊ खेळत होता, पडदा हलत होता, आवाज नव्हता. भावजय आत कपड्यांना इस्त्री करत होती.

"तुला ऐकू आलं का गं काही?"

"काय, ताई?"

"काही नाही."

त्या दिवशी ताईने सेल बघते म्हणून खेळ दुकानात नेला आणि भिंगाखाली उघडला. तार कापलेलीच होती. नुसती कापलेली नाही. दोन टोकांमध्ये बोटभर अंतर होतं, आणि टोकं हिरवी पडली होती. बाबांच्या हातचं काम, एकदा केलं की केलं.

ताईने भिंग खाली ठेवलं. माणसाची नजर कशी फसते हे ती रोज बघत होती. समोर नसलेली अक्षरं लोक छातीठोकपणे वाचून दाखवतात. डोळे फसतात तर कान का नाही फसणार? आठवणीचा आवाज असेल. तिने झाकण लावलं. सेल परत घातले तेव्हा सगळं एकदम उमटलं, नेहमीसारखं. वरची खिडकी मात्र रिकामी होती.

काच मळली असेल म्हणून तिने पिवळ्या फडक्याने पडदा दोनदा पुसला.

५

"ताई, बसा. मला बोलायचंय," भावजय म्हणाली.

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. बाहेरच्या खोलीत भाऊ खेळत होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता.

"त्यांनी काल मला विचारलं, आई कुठे गेली. मी म्हटलं, कुणाची आई? तर म्हणाले, माझी, अजून कुणाची? बाजारात गेली का? मग म्हणाले, तुम्ही आमच्याकडे कामाला आलात का?"

"अगं, हळूहळू येईल सगळं."

"तुम्ही आवाज नीट ऐकलात का त्यांचा?" भावजयीने ताईचं मनगट धरलं. "तुम्हाला गोड वाटतंय, ताई. तुमचा भाऊ परत आलाय. पण मी ज्याच्याशी लग्न केलं त्याचा आवाज भिंती हलवायचा. हा कुणाचा आवाज आहे? मला नवरा पाहिजे. दहा वर्षांचा पोरगा नको. आणि खरं सांगू? तो येतोय असं मला वाटतच नाही. रोज थोडा थोडा आणखी तिकडे चाललाय."

ताईने ऐकलं. बाहेरून आवाज येत होता, पातळ, न फुटलेला, नाकात थोडी सर्दी असलेला. भोंग्याला लहानपणी बारा महिने सर्दी असायची. भावजय म्हणत होती ते ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. कारण दुपारी शटर ओढून जिना चढताना तिचं काळीज असं उडायचं, जसं शाळा सुटल्यावर उडायचं. आई बाजारात गेलेली, बाबा झोपलेले, आणि घरात कुणीतरी तिची वाट बघतंय. आयुष्यात इतका आनंद तिला फारदा झाला नव्हता, आणि त्याची तिला आता लाज वाटली.

"उद्या काढून घेते," ती म्हणाली.

"आणि मग ते पुन्हा मुके झाले तर?"

"तर बघू. पण इथे असेल तरी."

६

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. भावजय आत स्वयंपाकाला लागली होती. मुद्दामच बाहेर आली नाही. ताई खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली.

"भोंग्या, दे आता."

"मेलोय कुठं अजून?"

"तुझी बायको रडते रे आत."

"ईऽऽ! कुणाची बायको?" तो खुदकन हसला. पांढऱ्या दाढीत ते हसू बघवेना.

ओढून घेता आला असता. ताईने हात पुढेही केला. पण रोज जेवायच्या वेळी ओढूनच घेत होते की. तेवढ्याने काय झालं होतं? खेळ खाली राहायचा आणि भोंगा तिकडेच राहायचा. ताईच्या डोक्यात एक अगदी साधी गोष्ट आली, आणि ती येताच तिला कळलं की आपण ती टाळत होतो. तो मेला पाहिजे, आणि त्याने आपल्या हाताने दिलं पाहिजे.

तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. खांदा मोठा होता, पोहणाऱ्याचा, पण हनुवटीला जागा जुनीच सापडली. इतक्या जवळून पडदा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कपडे पडत होते, टोपलीवाला पळत होता. आणि इथे, अगदी कानाशी, ते टिक् टिक् स्पष्ट येत होतं.

वरच्या खिडकीत माणूस होतं.

खेळ चालू असताना, भर उजेडात, होतं. ताईने डोळे बारीक केले. लहानपणी वाटायचं, ते हात हलवतंय. तसं नव्हतं. त्याने मान खाली घातली होती. दोन्ही हात छातीजवळ धरून ते हातातलं काहीतरी बघत होतं. आणि मग, इकडे भोंग्याने सर्दीचं नाक वर ओढलं, तसं त्या ठिपक्याएवढ्या डोक्याने जरा...

ताईने डोळे मिटून घेतले आणि त्याच्या कानात जोरात फुंकर मारली.

ही त्यांच्या काळची सगळ्यात हलकट लबाडी होती. भोंगा किंचाळला, खांदा कानाशी नेला, हसत सुटला. "चीटिंग! पडला! पडला, पडला!" एक पडला, लगोलग दुसरा. ताईने पुन्हा फुंकर मारली. तिसरा पडला.

टिक् टिक् थांबलं. खोली इतकी गप्प झाली की आत भाजी चिरल्याचा आवाज आला. भोंग्याने नाराजीने तोंड वाकडं केलं, आणि रडवेला होऊन, पण कायद्याने, खेळ तिच्यापुढे धरला.

"घे. तुझी पाळी."

ताईने तो घेतला.

७

त्याचा उजवा हात मांडीवर पडला. मग तो स्वतःच्या त्या हाताकडे बघत राहिला, मग खोलीकडे, मग दाराकडे. छाती भरून आली, आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलेल असा आवाज निघाला.

"अगं ए! इकडे ये लवकर!"

आत ताट पडलं. भावजय धावत आली. ताईला ते सगळं दिसलं. तो तिला नावाने हाक मारत होता, शब्द अडखळत होते पण त्याचे होते, मोठ्या माणसाचे. डाव्या हाताने तो तिचं डोकं छातीशी घट्ट धरत होता. आला. भोंगा आला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून त्या दोघांना मिठी मारावी असं तिला फार वाटलं.

एकच डाव, तिने ठरवलं. मग सेल काढून नाल्यात टाकू. एवढ्या वर्षांनी पाळी आली आहे, नुसतं बघू तरी बोटांना येतंय का. तिने बटण दाबलं.

बोटांना येत होतं. पहिला कपडा, दुसरा. किती सोपं होतं, आणि किती छान वाटत होतं. टीक्, टीक्. वरच्या खिडकीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं, पण तिकडे बघायला सवड कुठे होती. आता दोन गॅलऱ्यांतून कपडे एकदम पडायला लागले होते. खोलीत माणसं फार मोठ्याने बोलत होती. एक बाई रडत होती की हसत होती. बाबा झोपलेत हे यांना कुणी सांगितलं नाही का? आई आली की बोलेल त्यांना. ती आत्ता येईलच बाजारातून.

"ताई," कुणीतरी म्हणालं. "ताई, बघ ना इकडे. ताई, मी आलोय गं."

कपडे आता भराभर पडत होते, आणि पडद्यावर सावली आली होती. खेळता खेळता तिने क्षणभर मान वर केली. एक भला मोठा माणूस तिच्यावर ओणवा झाला होता. दाढी पांढरी, एक हात लोंबता, आणि तो इतका रडत होता की त्याची तिला दया आली. कुणाकडे आला असेल, कोण जाणे. पण मोठ्या माणसांशी नीट बोलायचं, असं आईने शिकवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "उजेडातून जरा सरका ना."